‘दोन दिवसांत कनेक्टर लावून देतो’ या दाव्याला उत्तर

छत्रपती संभाजीनगरात शेतीच्या डेटावर काम करू पाहणारी मंडळी जिथे बसतात, मग ते चिकलठाण्यातले ऑफिस असो की वाळूजच्या कंपनीतली मीटिंग, तिथे एक विधान हमखास ऐकू येते आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. विधान असे: बाजार समित्यांचे भाव संकेतस्थळावर रोज येतातच. वेबपानावरचा मजकूर काढून देणारा तयार कनेक्टर घ्यायचा, त्याला पानाचा पत्ता द्यायचा आणि डेटा टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या पाइपलाइनला जोडायचा. दोन दिवसांचे काम. त्यासाठी बाजारातला माणूस लागत नाही, मराठीचा जाणकार तर नाहीच नाही.

हे म्हणणारे लोक हुशार आहेत, कामसू आहेत, आणि त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणूनच ते नीट खोडून काढायला हवे. कनेक्टर लावण्यातला सर्वांत अवघड आणि जोखमीचा भाग या दाव्यात धरलेलाच नाही. पानावरचे काय घ्यायचे, काय सोडायचे आणि घेतलेल्याचा अर्थ काय लावायचा, हे ठरवणे म्हणजे तो भाग. ते ठरवायला आडतीवर वावरलेला माणूस लागतो आणि मराठी काळजीने वाचणारा माणूस लागतो. तो नसला म्हणून पाइपलाइन बंद पडत नाही. ती चालू राहते आणि चुकीचे आकडे पुढे जात राहतात. त्याचा भुर्दंड दावा करणाऱ्याला बसत नाही. मका लासूर स्टेशनला न्यावा, वैजापूरला न्यावा की थेट शहरातल्या जाधववाडीच्या बाजारात, हे मोबाइलवर भाव बघून ठरवणाऱ्याला तो बसतो.

आधी जे मान्य करायचे ते मान्य करतो. कनेक्टर ठरलेल्या वेळी पानाकडे जातो, पान उतरवून घेतो, त्यातला मेनू, जाहिराती, तळाच्या सूचना बाजूला काढतो आणि उरलेला मजकूर एका ठरावीक साच्यात पुढच्या टप्प्याला देतो. यातले पान आणणे, सर्व्हरने उत्तर दिले नाही तर थांबून पुन्हा विचारणे, रोज पहाटे न चुकता चालणे, झालेल्या कामाची नोंद ठेवणे, हे सगळे आज तयार मिळते आणि चांगले मिळते. ते स्वतः लिहीत बसण्यात वेळ घालवू नये. माझा वाद त्याच्या पुढच्या पायरीशी आहे.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे भावाचे पान उघडून शांतपणे बघा. एका शेतमालाचा तक्ता असतो. वर स्तंभांची नावे: बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. खाली ओळी. पण तारीख कुठे आहे? ती प्रत्येक ओळीत नाही. तारखेची एक आडवी ओळ मध्येच येते, तिच्याखाली त्या दिवसाच्या सगळ्या समित्या, मग पुढची तारीख, पुन्हा समित्या. माणसाच्या डोळ्याला यात काहीच अडचण वाटत नाही. कनेक्टर मात्र तक्ता ओळखताना सातही रकाने भरलेल्या ओळी ‘खऱ्या’ धरतो आणि एकाच रकान्याची तारखेची ओळ शीर्षक समजून टाकून देतो. भाव आले, तारीख गेली. मग कुणीतरी पान उतरवल्याची तारीखच भावाची तारीख म्हणून लावतो. आठवडाभराच्या जुन्या ओळी आजच्या म्हणून साठतात आणि आलेख अगदी नितळ दिसतो.

‘मुख्य मजकूर’ ओळखणारी जी साधने आज या कनेक्टरांच्या पोटात असतात, त्यांचा जन्म कशासाठी झाला हेही लक्षात घ्यायला हवे. आर्क ९० या कंपनीने २००९ मध्ये आणलेले रीडेबिलिटी असो, २०१० च्या सुमारास आलेले बॉयलरपाइप असो की अलीकडचे ट्राफिलाटुरा, यांच्यासमोर होते ते बातमीचे किंवा लेखाचे पान. लांब वाक्ये, सलग परिच्छेद आणि कमी दुवे जिथे आहेत तो मजकूर. तुटक, आखूड आणि दुव्यांनी भरलेले जे आहे तो कचरा. लेखासाठी हा नियम उत्तम आहे. भावाचे पान म्हणजे मात्र आखूड तुकड्यांचाच ढीग. ‘लोकल’, ‘क्विंटल’, एखादी संख्या, पुन्हा एखादी संख्या. या नियमाने बघितले तर भावाचा तक्ता कचरा ठरतो आणि पानाच्या तळाची ‘माहितीच्या अचूकतेची जबाबदारी आमची नाही’ अशी लांबलचक सूचना मुख्य मजकूर ठरते. तक्ते ठेवण्याचा पर्याय काही साधनांत असतो, पण तो चालू करायला हवा हे कळायला पान आधी वाचलेले असावे लागते.

या तक्त्यातल्या ‘परिमाण’ या स्तंभावर मी थोडा थांबणार आहे. दाव्यातली सगळी बेफिकिरी इथे उघडी पडते.

धान्य, कडधान्य, कापूस, कांदा हे क्विंटलमध्ये असतात, म्हणून ‘परिमाण’ हा स्तंभ नवख्याला निरुपयोगी वाटतो. पहिल्या शंभर ओळींत सगळीकडे एकच शब्द दिसला की तो स्तंभ गाळायचा आणि जागा वाचवायची, हा कुठल्याही अभियंत्याला सुचणारा विचार आहे. पण कोथिंबीर बघा, मेथी बघा. पालेभाजी कित्येक समित्यांत जुडीने विकली जाते आणि परिमाणात ‘नग’ लिहिलेले असते. दुसऱ्या एखाद्या समितीत तीच कोथिंबीर क्विंटलमध्ये असते. आता स्तंभ गाळलेला डेटा घ्या आणि राज्यभरातल्या कोथिंबिरीचा सरासरी दर काढा. एका ओळीत जुडीचे रुपये, दुसरीत क्विंटलचे. आवकेची बेरीज केली तर हजारो जुड्या आणि काही क्विंटल एकत्र मिळवून एक मोठा आकडा तयार होतो आणि तो ‘आवक’ म्हणून डॅशबोर्डवर चढतो. यात कुठेही प्रोग्राम अडखळत नाही. चाचण्या हिरव्याच राहतात. बाजारात दोन पहाटा घालवलेल्या कुणालाही ही चूक दुरून दिसली असती. पण त्याची गरजच नाही असे आधी ठरलेले होते.

सर्वसाधारण दराचीही अशीच आबाळ होते. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची बेरीज करून दोनाने भागले की सर्वसाधारण, असे समजून तो स्तंभच न घेणारे लोक आहेत. ज्या दराने त्या दिवशी जास्तीत जास्त माल गेला तो सर्वसाधारण दर. केंद्राच्या ॲगमार्कनेटवर त्याला मोडल प्राइस म्हणतात. ऐन हंगामात ओला मका आणि वाळलेला मका एकाच दिवशी एकाच ओट्यावर येतो. सगळ्यांत खालचा दर चार पोती भिजलेल्या मालाचा असू शकतो. त्या चार पोत्यांना अर्धे वजन देऊन काढलेला मध्य म्हणजे बाजाराचा भाव, असे एकही आडत्या म्हणणार नाही.

समित्यांच्या नावांचे बघू. ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’, ‘लासलगाव - विंचूर’ ही वेगळी बाजारठिकाणे आहेत. पुण्याच्या बाबतीत पिंपरी, मोशी, खडकी अशी उपबाजारांची नावे जोडून येतात, आणि मधली आडवी रेघ कुठे जागा सोडून असते, कुठे चिकटून. ‘पहिला शब्द घ्या, बाकी काढा’ असा स्वच्छतेचा नियम लावला की विंचूरचा कांदा लासलगावच्या नावावर जमा होतो. त्या दोन ठिकाणच्या भावातला फरक बघूनच शेतकरी गाडी कुठे वळवायची ते ठरवतो. नेमका तोच फरक साफसफाईत पुसला जातो.

आणखी एक गोष्ट वरवर किरकोळ दिसते. बाजार बंद असतो. काही ठिकाणी रविवारी बंद, काही ठिकाणी अमावास्येला बंद, हमालांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या संपात बंद. त्या दिवशीची ओळच येत नाही. पाइपलाइनला मोकळी जागा आवडत नाही, म्हणून कुणी तिथे शून्य भरतो, कुणी आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढतो. शून्य भरले तर भाव कोसळल्यासारखे दिसतात. आदला भाव ओढला तर बंद बाजारात व्यवहार झाल्याचे दिसते. बंद म्हणजे बंद, अशी स्वतंत्र नोंद ठेवायला फक्त एक जादा स्तंभ लागतो.

आता मराठीकडे येतो, कारण ‘मराठी मजकूर आपोआप हाताळला जातो, युनिकोड आहे ना’ हे उत्तर मला सगळ्यांत जास्त खटकते. युनिकोडमुळे अक्षरे साठतात. त्यांच्यावर पुढे काय होते ते वेगळे. पायथन भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशनचे जे नेहमीचे मॉड्यूल आहे, त्यात ‘शब्दातले अक्षर’ दाखवणारी बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण व्यंजने, स्वर आणि अंक मोजते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार मोजत नाही. त्या खुणेने मजकुरातले शब्द वेगळे करा. ‘किंमत’चे दोन तुकडे पडतात, ‘क’ आणि ‘मत’. ‘तूर’चे ‘त’ आणि ‘र’. ‘बाजरी’चे ‘ब’ आणि ‘जर’. ‘मका’चा ‘मक’ होतो. हाच कोड इंग्रजी पानावर तपासलेला असतो आणि तिथे तो निर्दोष चालतो. ‘रेजेक्स’ नावाचे दुसरे मॉड्यूल वापरले की ही अडचण जाते. पण तुकडे पडलेले दिसायला बाहेर आलेला मजकूर कुणीतरी वाचला पाहिजे, आणि वाचणाऱ्याला मराठी आले पाहिजे.

दुसरा मासला. हिंदी-उर्दू मजकुरासाठी नुक्ते, म्हणजे अक्षराखालची टिंबे, काढून टाकण्याची पायरी बऱ्याच तयार साफसफाईत असते. युनिकोडच्या हिशेबात आपला ऱ म्हणजे र आणि नुक्ता. नुक्ता काढला की ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचे ‘शेतकर्यांना’ होते, आणि ‘दऱ्या’ जाऊन ‘दर्या’ येतो. शेतीच्या डेटात ‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द शोधून सापडत नसेल, तर त्या साठ्याचे काय करायचे? ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचा आणि अनेकदा नंतरचाही मजकूर अ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण असा लिहिलेला असतो. दोन्ही दिसतात सारखे, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ते एक करण्याचा नियम आपणच लिहावा लागतो.

शासन निर्णयांच्या बाबतीत तर अडचण अंकांतूनही येते. राज्य शासनाच्या प्रत्येक निर्णयावर संगणक सांकेतांक असतो: अठरा अंकी, आणि त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संख्या म्हणून साठवला की एक्सेल पंधरा अंकांपुढचे शून्य करून टाकते. जावास्क्रिप्टमध्येही इतकी मोठी संख्या नेमकी राहत नाही. सांकेतांक मजकूर म्हणूनच साठवायचा असतो. एवढे ज्याला ठाऊक नाही त्याच्या साठ्यातून मूळ निर्णयाकडे परत जाण्याची वाटच उरत नाही.

या शहराच्या नावाइतका मोठा धडा मात्र दुसरा नाही. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबाद शहराचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या अधिसूचना आल्या. ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराला आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. त्याच वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाइपलाइनवाल्यांचे उत्तर तयार होते: कनेक्टरमध्ये एक नियम घाला, जुने नाव दिसले की नवे लिहा. एका ओळीचा कोड.

त्या एका ओळीने काय होते ते बघा. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्याच्या नोंदी मराठवाड्यात येतात. विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी पुरातत्त्वाच्या कागदोपत्री ज्या नावाने आहेत, ते नाव बदलून संदर्भ तुटतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा सांकेतांक ५१५ आणि नाव औरंगाबाद असे छापलेले आहे. नाव बदललेला तक्ता मूळ तक्त्याशी जुळत नाही. सगळ्यांत वाईट प्रकार जुन्या आकड्यांचा होतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्याआधीचा ‘औरंगाबाद जिल्हा’ म्हणजे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद यांच्यासकटचा मुलूख. १९७५ सालच्या ज्वारीच्या आकड्यावर ‘छत्रपती संभाजीनगर जिल्हा’ असे लिहिले, तर वाचणारा आजच्या नऊ तालुक्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणतो आणि या जिल्ह्यातली ज्वारी आहे त्याहून कितीतरी जास्त आटली असे मानून मोकळा होतो. धाराशिव-लातूरचे तेच आहे. लातूर १९८२ मध्ये वेगळा झाला.

उलट बाजूनेही मार आहे. जो कनेक्टर ‘औरंगाबाद’ या अक्षरांवरच ओळी गाळून घेत होता, त्याला नवे नाव आल्या दिवसापासून काहीच सापडत नाही. तो चूक सांगत नाही. शून्य ओळी आल्या आणि काम यशस्वी झाले असे नोंदवतो. रोमन लिपीत नव्या नावाची स्पेलिंगे एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिली जात असल्याने इंग्रजी पानांवर हा घोळ आणखी वाढतो.

नव्या नावाबद्दल कुणाला काय वाटते याच्याशी या मुद्द्याचा काडीचा संबंध नाही. मूळ पानावर जे नाव होते ते जसेच्या तसे एका स्तंभात राहिले पाहिजे. शेजारी जिल्ह्याचा स्थिर सांकेतांक, आणि हे नाव व ही हद्द कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होती त्याची नोंद. दाखवताना आजचे नाव दाखवा, जरूर दाखवा. साठवताना इतिहास बदलू नका. याच शहरातल्या विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याआधीच्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ हेच नाव आहे आणि ती पदवी कुणी खोडून पुन्हा लिहीत नाही. ग्रंथपालांना आणि नोंदणी विभागातल्या कारकुनांना हे कधीपासून कळते. पाइपलाइन बांधणाऱ्यांनी त्यांना विचारले असते तर पुष्कळ त्रास वाचला असता.

आकड्यापासून त्याचा अर्थ तोडण्याचा प्रकार जायकवाडीच्या पाण्याचा डेटा ओढणारेही करतात. धरणाची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या पुढे, उपयुक्त साठ्याची ७६ टीएमसीच्या पुढे. मधले २६ टीएमसी मृतसाठ्याचे. पानावर टक्के असतात ते उपयुक्त साठ्याचे. कनेक्टरने टक्के एका रकान्यातून उचलले आणि कुणी ते एकूण क्षमतेला लावले, की शहराच्या पाण्याचा हिशेब पार चुकतो. पातळी फुटांत की मीटरमध्ये, साठा दशलक्ष घनमीटरमध्ये की टीएमसीत, हे एकक आकड्याला चिकटूनच आले पाहिजे.

इथवर आले की नवे उत्तर येते: हे सगळे जुने झाले, आता भाषेचे मॉडेल पान वाचते आणि हवा तो साचा भरून देते. मी ही मॉडेल्स वापरतो आणि त्यांचा उपयोग नाकारत नाही. अनोळखी पानाची रचना समजून घ्यायला, साच्याचा पहिला मसुदा करायला, विस्कटलेल्या पीडीएफमधून काय काय आहे ते चाचपायला ती चांगली आहेत. रोजच्या आकड्यांच्या वाटेवर मात्र त्यांना एकटे बसवू नये. जात/प्रत या रकान्यात जिथे नुसत्या आडव्या रेघा असतात, तिथे ‘नोंद नाही’ हेच खरे उत्तर आहे. मॉडेलला रिकामी जागा भरण्याची ओढ असते. आसपासच्या ओळींत ‘लोकल’ असेल तर ते इथेही ‘लोकल’ लिहू शकते, आणि ते इतके साजेसे दिसते की कुणाला शंकाही येत नाही. जुन्या पद्धतीच्या चुकीत रकाना सरकतो, अक्षरे फुटतात, काहीतरी वेडेवाकडे डोळ्यांना दिसते. ही चूक तशी दिसत नाही. त्यामुळे मॉडेल आल्यावर बाजारातल्या माणसाची गरज वाढली आहे.

‘सार्वजनिक आहे, मग घ्यायला काय हरकत?’ हा युक्तिवादही मला मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवणे, त्याची प्रत करणे, तो काढून घेणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. संकेतस्थळाने यंत्रांसाठी लिहिलेली रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल १९९४ पासून चालत आलेला शिष्टाचार आहे, २०२२ मध्ये तिचे रीतसर मानकही झाले. ती वाचायची आणि पाळायची. दर दोन सेकंदांनी सरकारी सर्व्हरला धडका मारणारा कनेक्टर त्याच वेळी मोबाइलवरून भाव बघणाऱ्या माणसाची वाट अडवतो. लाभार्थ्यांच्या याद्या, नावे, खात्यांचे तुकडे हे पानावर दिसतात म्हणून पाइपलाइनमध्ये ओढून कायमचे साठवण्याला तर माझा ठाम विरोध आहे. भावाच्या कामाला माणसांची नावे लागत नाहीत. न लागणारे घ्यायचे नाही, हा नियम २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नसता तरी पाळण्याजोगा होता.

पान ओरबाडण्याआधी दुसरे दार आहे का, हेही कुणी बघत नाही. २०१२ पासून चाललेल्या केंद्राच्या खुल्या डेटाच्या मंचावर बाजारभाव एपीआयने, म्हणजे प्रोग्रामला थेट मागवता येतील असे, मिळतात. तिथल्या नमुन्याच्या किल्लीने एका वेळी दहाच नोंदी येतात, आणि ते बघूनच ‘यात काही नाही’ म्हणून परतणारे मी पाहिले आहेत. नोंदणी करून स्वतःची किल्ली घ्यायला पैसे पडत नाहीत.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो प्रामाणिक आहे. चार जणांच्या कंपनीला आडतीवरचा माणूस, मराठीचा जाणकार, जुन्या हद्दींचे तक्ते हे सगळे कसे परवडणार? माझे उत्तर असे की यातले महागडे काही नाही. उतरवलेले मूळ पान जसेच्या तसे, उतरवल्याच्या वेळेसह जपून ठेवा. साठवणीची जागा आज स्वस्त आहे, आणि उद्या नियम चुकला असे कळले तर त्याच पानांवरून सगळे पुन्हा काढता येते. मूळ पान फेकून देणाऱ्याला ही सोय नाही. स्तंभांचा साचा ठरवताना एक दिवस जाधववाडीत, एक दिवस लासूर स्टेशनला कागद घेऊन बसा आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ तिथल्या कारकुनाकडून समजून घ्या. आठवड्यातून एकदा काढलेल्या ओळींपैकी काही ओळी मूळ पानाशी माणसाने ताडून बघाव्यात, आणि तो माणूस कोड लिहिणारा नसावा. ओळींची संख्या अचानक शून्य झाली किंवा निम्म्यावर आली, तर काम ‘यशस्वी’ म्हणून नोंदले जाऊ नये. मला वाटते याला दोन दिवसांऐवजी तीन आठवडे लागतील, आणि ग्राहकाला तसेच सांगावे.

पणन मंडळाकडेही माझी मागणी आहे. जे भाव मंडळ स्वतः रोज तक्त्यात मांडते, तेच एका साध्या फाइलमध्ये रोज ठेवावे. तारीख प्रत्येक ओळीत, परिमाण प्रत्येक ओळीत, प्रत्येक बाजार समितीला आणि उपबाजाराला न बदलणारा सांकेतांक, बाजार बंद असल्यास तशी नोंद, आणि नाव बदलले तर जुने-नवे दोन्ही. ही फाइल निघाली तर या शहरातल्या निम्म्या कनेक्टरांचे कामच उरणार नाही, आणि ते उत्तमच होईल. शेती-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या इथल्या कंपन्यांनी एकमेकींशी स्पर्धा करत तेच पान वेगवेगळ्या तऱ्हेने चुकीचे वाचण्यापेक्षा, या मागणीच्या एका अर्जावर एकत्र सह्या कराव्यात. मसुदा मी लिहून देतो.